अलाबामाच्या फुटबॉल प्रशिक्षकांचा तक्ता वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी टस्कलूसाला अलाबामा विद्यापीठात शिकायला गेली, तिच्यामुळे तुम्हाला तिथल्या फुटबॉलची गोडी लागली आणि आता त्या संघावर मराठीत लेखमाला लिहायचं तुमच्या मनात आहे. १८९२पासूनच्या सगळ्या मुख्य प्रशिक्षकांचा तुम्ही तक्ता केलात आणि प्रत्येकापुढे विजयाची टक्केवारी मांडलीत. मोठी कारकीर्द असलेल्यांत सगळ्यात वर निक सेबन, त्याखाली बेअर ब्रायंट आणि पार तळाला व्हिटवर्थ नावाचा एक जण. तुम्ही विचारता, एवढ्यावर इतिहास लिहिता येईल का? ब्रायंट मोठा की सेबन? आणि सेबनचे विजय कुठे २०६ दिसतात, कुठे २०१, ते का?

मी सव्वीस वर्षं अलाबामात राहतो. नोकरी ग्रंथालयाच्या अभिलेख विभागात आहे. जुनी वर्तमानपत्रं, पत्रव्यवहार आणि सामन्यांच्या छापील पत्रिका जपायच्या आणि त्यावरून लोकांच्या शंका सोडवायच्या, हे माझं रोजचं काम. हंगामात शुक्रवारी रात्री हायस्कूलच्या सामन्यांची आकडेवारीही ठेवतो. त्यामुळे असे तक्ते मी पुष्कळ हाताळले आहेत. तुमचा तक्ता मेहनतीने केलेला आहे. फक्त त्यात प्रत्येक माणूस आपल्या ओळीत एकटा उभा आहे. त्याच्या हाती काय आलं आणि त्याने मागे काय ठेवलं, हे त्यात कुठेच नाही, आणि या संघाचा खरा इतिहास तिथेच आहे. तुमची अडचण आकड्यांची कमी आणि सांध्यांची, म्हणजे संघ एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो त्या जागांची, जास्त आहे.

वाचकांसाठी सुरुवातीलाच एक खुलासा करा. हा फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या पेठांमधला किंवा गोव्यातला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड आणि प्रत्येक चालीनंतर थांबणारा खेळ. दुसरा खुलासा जास्त महत्त्वाचा आहे. क्रिकेटमध्ये मैदानावर कर्णधाराची बुद्धी चालते, म्हणून आपण कर्णधारांचे कालखंड लक्षात ठेवतो. इथे खेळाडू चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातो आणि राहतो तो प्रशिक्षक. कुठल्या हायस्कूलचा कुठला मुलगा आणायचा, त्याच्या आईवडिलांशी काय बोलायचं, कोणाला कुठे खेळवायचं, कोणती चाल कधी, सगळं त्याच्याकडे. म्हणून या संघांचा इतिहास प्रशिक्षकांच्या नावाने लिहिला जातो आणि तुमची मांडणी मुळात योग्यच आहे.

आता आकड्यांचा प्रश्न आधी संपवतो, कारण त्याचं उत्तर स्वच्छ आहे. मैदानावर सेबनच्या अलाबामाने २०६ सामने जिंकले आणि २९ हरले. मात्र २००५ ते २००७ या काळात काही विद्यार्थी खेळाडूंनी शिष्यवृत्तीवर मिळणारी पाठ्यपुस्तकं दुसऱ्यांसाठी उचलली होती. ते उघड झाल्यावर कॉलेज क्रीडास्पर्धांची राष्ट्रीय नियामक संस्था एनसीएए हिने २००९मध्ये अलाबामाचे २१ विजय नोंदीतून काढून टाकले. २००५चे १०, २००६चे ६ आणि २००७चे ५. शेवटचे ५ सेबनच्या खात्यातले, म्हणून २०१. उरलेले १६ त्याच्या आधीच्या माइक शूलाचे, म्हणून त्याचा २६-२३चा (२६ विजय, २३ पराभव) आकडा काही ठिकाणी १०-२३ असा दिसतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो भल्याभल्यांच्या हातून निसटतो. विजय रद्द होणं वेगळं आणि सामना गमावल्याची नोंद होणं वेगळं. रद्द झालेला विजय नुसता पुसला जातो, पराभव वाढत नाही. पण १९९३च्या हंगामात एका खेळाडूने एजंटशी करार केल्याचं निघालं, तेव्हा एनसीएएने अलाबामाला ८ विजय आणि १ बरोबरी गमवायला लावली, म्हणजे ते नऊच्या नऊ सामने पराभवाच्या रकान्यात गेले. म्हणून तेव्हाचा प्रशिक्षक जीन स्टॉलिंग्ज याची कारकीर्द मैदानावर ७०-१६-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा) आणि अधिकृत नोंदीत ६२-२५. तुमच्या तक्त्यात सेबनला मैदानावरचा आकडा आणि स्टॉलिंग्जला अधिकृत आकडा लागला आहे. त्यामुळे स्टॉलिंग्जवर अन्याय झाला आहे. कोणताही एक हिशोब धरा, पण सगळ्यांना तोच लावा. मी मैदानावरचा धरतो आणि शिक्षेची टीप खाली देतो, कारण त्या शनिवारी स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाने जे पाहिलं ते आधी सांगायला हवं.

विजेतेपदांच्या संख्येबाबतही असंच सावध राहा. विद्यापीठ १८ राष्ट्रीय विजेतेपदांवर हक्क सांगतं. या खेळात कित्येक दशकं विजेता ठरवणारा अंतिम सामनाच नव्हता, पत्रकार आणि प्रशिक्षक मतदान करून क्रमवारी लावत. १९६४मध्ये ते मतदान बोल सामन्यांच्या, म्हणजे हंगामानंतर निमंत्रित संघांत होणाऱ्या सामन्यांच्या, आधीच संपलं होतं. अलाबामा विजेता ठरला आणि मग ऑरेंज बोलमध्ये टेक्ससकडून २१-१७ हरला. १९७३मध्ये प्रशिक्षकांच्या मतदानातलं पहिलं स्थान असंच हाती आल्यावर शुगर बोलमध्ये नोत्र दाम विद्यापीठाने त्यांना २४-२३ हरवलं. उलट १९६६मध्ये संघ ११-० असा अपराजित राहूनही तिसऱ्या क्रमांकावर ठेवला गेला, आणि तेही ज्या दोन संघांनी आपसात १०-१० बरोबरी केली होती त्यांच्या मागे. शिवाय १९४१च्या विजेतेपदावर विद्यापीठ हक्क सांगतं, पण त्या वर्षी संघ ९-२ होता आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शेवटच्या क्रमवारीत विसावा. ब्रायंटच्या आधीची ही जुनी विजेतेपदं विद्यापीठाच्या पुस्तिकेत १९८०च्या दशकात घातली गेली. तेव्हा ‘अमुक प्रशिक्षकाची इतकी विजेतेपदं’ असं लिहिताना कोणाच्या मोजणीने, हे प्रत्येक वेळी सांगा.

टक्केवारीचं तर काळावर फार अवलंबून असतं. बरोबरी अर्धा विजय धरली तर वॉलेस वेड ८१.२, फ्रँक थॉमस ८१.२, ब्रायंट ८२.४ आणि सेबन ८७.७. वेडच्या काळात हंगामात दहाच्या आसपास सामने असत, सेबनच्या काळात १३ ते १५. वेडला ३, थॉमसला ७, ब्रायंटला ९ सामने बरोबरीत सोडावे लागले. १९९६पासून ओव्हरटाइम आल्यावर बरोबरी हा प्रकारच संपला. १९७३च्या आधी एका संघाने किती मुलांना शिष्यवृत्ती द्यावी याला राष्ट्रीय मर्यादाच नव्हती. पुढे १०५, मग ९५ आणि १९९४पासून २०२४पर्यंत ८५. म्हणजे ब्रायंट पहिली पंधरा वर्षं जी मुलं स्वतःकडे बांधून ठेवू शकत होता, ती सेबनच्या काळात प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ शकत होती. हे सगळं एका टक्क्यात मावत नाही.

आता मी ज्याला सांधा म्हणतो त्याकडे येतो. सुरुवातीची तीस वर्षं लवकर उरका. १८९२मध्ये विल्यम लिटल नावाच्या विद्यार्थ्याने खेळ आणला, ११ नोव्हेंबरला बर्मिंगहॅममध्ये पहिला सामना झाला, हायस्कूलच्या मुलांविरुद्ध ५६-०. प्रशिक्षक ई. बी. ब्यूमाँट एका हंगामापुरता होता आणि त्याच्यानंतरचेही बरेच जण एक-दोन वर्षांत निघून गेले. ‘क्रिमझन टाइड’ हे संघाचं नाव १९०७च्या, त्याच राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाविरुद्धच्या चिखलातल्या ६-६ सामन्यातून रूढ झालं असं मानतात. त्याच सामन्यानंतर दोन्ही विद्यापीठांचं असं बिनसलं की पुढचा सामना थेट १९४८मध्ये झाला.

खरी घडण १९१२ला सुरू होते आणि ती करणारा माणूस तुमच्या तक्त्यात नाहीच, कारण तो प्रशिक्षक नव्हता. जॉर्ज डेनी १९१२ ते १९३६ विद्यापीठाचा अध्यक्ष होता. गरीब राज्यातल्या लहान विद्यापीठाचं नाव दूरवर जायचं तर फुटबॉलचा उपयोग होईल, हे त्याने ओळखलं आणि पैसा, मैदान, माणसं यांची सोय लावली. प्रशिक्षक झेन स्कॉटने १९२२मध्ये फिलाडेल्फियाला जाऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला ९-७ हरवलं, तेव्हा उत्तरेतल्या वर्तमानपत्रांनी पहिल्यांदा दखल घेतली. स्कॉट आजारी होता. त्याने पद सोडलं आणि १९२४मध्ये तो गेला. त्याचा संघ मिळाला वॉलेस वेडला.

वेडने १ जानेवारी १९२६ला पासाडिनाच्या रोझ बोलमध्ये वॉशिंग्टनला २०-१९ हरवलं. रोझ बोलमध्ये खेळणारा दक्षिणेतला तो पहिलाच संघ. मध्यंतराला अलाबामा १२-० मागे होता आणि एकट्या तिसऱ्या सत्रात त्याने २० गुण केले. यादवी युद्धातल्या पराभवाची आठवण घराघरात जिवंत असलेल्या भागात त्या एका गुणाचा केवढा अर्थ झाला असेल, हे परतीच्या रेल्वेगाडीच्या स्वागताच्या बातम्या वाचल्या की कळतं. दक्षिणेत फुटबॉल इतका मनाला का लावून घेतात, असं तुमच्या मुलीने विचारलं असेल तर उत्तर तिथे शोधायला सांगा.

पण सांधा पुढे आहे. १९३०च्या वसंतातच वेडने सांगितलं की हंगाम संपल्यावर मी ड्यूक विद्यापीठाला जाणार. मग तो निरोपाचा हंगाम १०-० असा खेळला आणि रोझ बोलमध्ये वॉशिंग्टन स्टेटला २४-० हरवून गेला. जाता जाता त्याने आपल्या जागी थॉमसचं नाव सुचवलं. थॉमस नोत्र दाममध्ये नामांकित प्रशिक्षक क्नूट रॉक्नीच्या हाताखाली क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा मुख्य खेळाडू, होता. डेनीने त्याला नेमताना जे सांगितलं ते इकडे नेहमी सांगितलं जातं: यश नव्वद टक्के खेळाडूंवर असतं आणि दहा टक्के प्रशिक्षकावर. नव्वदची सोय आम्ही करू, दहाचा हिशोब मात्र तुमच्याकडून काटेकोर घेऊ. असा सांधा फार थोड्या जणांच्या वाट्याला येतो. जाणारा खुशीने गेला, येणारा त्याच्याच पसंतीचा, मुलं तयार आणि अध्यक्ष पाठीशी. दोघांची टक्केवारी जवळपास सारखी आली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

तरीही माझ्या मते या साऱ्या इतिहासात थॉमसचं मोल सगळ्यात कमी ओळखलं गेलं आहे. १९३४चा त्याचा संघ १०-० गेला आणि रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डला २९-१३ हरवलं. त्यात डिक्सी हॉवेल चेंडू फेकणारा, डॉन हटसन झेलणारा आणि दुसऱ्या टोकाला अर्कान्सासहून आलेला एक उंच मुलगा, पॉल ब्रायंट, म्हणजेच पुढचा बेअर ब्रायंट. पुढे महायुद्धामुळे १९४३मध्ये संघच उतरला नाही. १९४४मध्ये थॉमसने सतरा-अठरा वर्षांची आणि सैन्यात न घेतलेली मुलं गोळा केली. त्यांना ‘वॉर बेबीज’ म्हणत. त्याच मुलांनी वर्षभराने १०-० हंगाम करून रोझ बोलमध्ये यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) ३४-१४ नमवलं. स्वतःच उभारलेलं मोडल्यावर शून्यातून पुन्हा उभं करणं तक्त्यात दिसत नाही, तिथे १९४३ची जागा फक्त कोरी असते. १९४६पर्यंत रक्तदाबाने तो इतका खचला होता की सराव ट्रेलरमध्ये बसून घ्यायचा. त्यानंतर त्याने पद सोडलं.

रेड ड्रूची आठ वर्षं बरी गेली, मग उतरण लागली. शेवटचा १९५४चा हंगाम ४-५-२. इथे येतो तुमच्या तक्त्याच्या तळाचा माणूस.

जे. बी. व्हिटवर्थ, १९५५ ते १९५७, ४-२४-२. पहिल्याच वर्षी ०-१०. त्याला वाईट प्रशिक्षक म्हणून एका वाक्यात निकालात काढू नका, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. त्याला स्वतःचे साहाय्यक मोजकेच आणू दिले होते, बाकी ड्रूच्या वेळचेच ठेवायचे होते. ज्या माणसाला आपली टोळी निवडता येत नाही, त्याच्या नावावर मात्र सगळे पराभव लागतात. पण त्याच्या चुकाही मोठ्या होत्या. त्या ०-१० संघात बार्ट स्टार नावाचा शेवटच्या वर्षाचा क्वार्टरबॅक बहुतांश वेळ बाकावर होता. १९५६मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत तो थेट २००व्या क्रमांकावर गेला, आणि पुढे ग्रीन बे या व्यावसायिक संघाला त्याने पहिले दोन्ही सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचे अंतिम सामने, जिंकून दिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहाव्या लागतील.

मला हे माझ्या हायस्कूलच्या कामातून शिकायला मिळालं. एका शाळेच्या संघाचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा भिंतीवरच्या फळीवर एका प्रशिक्षकापुढे तीन वर्षांत ६ विजय होते, त्याच्यापुढच्या नावापुढे पहिल्याच वर्षी जिल्ह्याचं विजेतेपद. गावात पहिल्याचं नावही कोणी घेत नव्हतं. मी जुन्या हजेरीपत्रकांवरून मुलांची नावं जुळवली. विजेत्या संघातले बहुतेक सगळे मुख्य खेळाडू आधीच्या माणसाने नववीत असताना घेतलेले आणि हरत हरत खेळवलेले होते. तेव्हापासून मी कोणत्याही प्रशिक्षकाच्या पहिल्या दोन वर्षांचं श्रेय किंवा दोष देण्यापूर्वी ती मुलं कोणी आणली हे पाहतो.

तीच कसोटी ब्रायंटला लावा. मेरीलँड, केंटकी आणि टेक्सस ए अँड एम करून तो १९५८मध्ये परतला. आईने हाक मारली की जावंच लागतं, असं तो म्हणायचा. पहिल्या वर्षी ५-४-१, म्हणजे व्हिटवर्थच्या तीन वर्षांपेक्षा एक विजय जास्त, आणि मुलं बरीचशी व्हिटवर्थच्याच वेळची. याचा अर्थ तळाच्या माणसाने मागे ठेवलेलं अगदीच टाकाऊ नव्हतं, त्याला शिस्त आणि दिशा हवी होती. पण शिखर आलं १९६१मध्ये: ११-०, राष्ट्रीय विजेतेपद आणि अख्ख्या हंगामात अंगावर फक्त २५ गुण. हे १९६१मध्येच का? १९५८मध्ये ब्रायंटने आणलेली पॅट ट्रॅमेल, बिली नेबर्स ही मुलं त्या वर्षी शेवटच्या वर्षाला होती. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलाला मुख्य संघात खेळता येत नसे, त्यामुळे नव्या प्रशिक्षकाचा खरा संघ दिसायला तीन-चार वर्षं लागत. आज पहिल्या वर्षाचा मुलगा पहिल्या सामन्यापासून खेळतो आणि २०२१पासून खेळाडू एका विद्यापीठातून दुसरीकडे सहज जाऊ शकतात. म्हणून ‘पहिली तीन वर्षं’ या मापाचा अर्थ दर पिढीत वेगळा आहे.

ब्रायंटबद्दल लिहाल तेव्हा रंगभेदाचा भाग टाळू नका आणि दंतकथेवरही सोडू नका. ११ जून १९६३ला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला याच विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता. ब्रायंटची १९६१, १९६४ आणि १९६५ची विजेतेपदं फक्त गोऱ्या मुलांच्या संघाची आहेत. प्रचलित कथा अशी की १२ सप्टेंबर १९७०ला बर्मिंगहॅममध्ये यूएससीच्या सॅम कनिंगहॅमने १३५ यार्ड पळून दोन टचडाउन केले, अलाबामा ४२-२१ हरला आणि त्या रात्री संघाची दारं उघडली. सामना आणि आकडे खरे आहेत. पण विल्बर जॅक्सन हा पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक त्याआधीच घेतलेला होता आणि पहिल्या वर्षाचा असल्यामुळे त्या रात्री खेळू शकत नव्हता. १९६७मध्ये पाच कृष्णवर्णीय विद्यार्थी शिष्यवृत्तीशिवाय वसंतातल्या सरावाला येऊन गेले होते आणि १९६९मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने भरतीवरून न्यायालयात दावाही लावला होता. दार त्या मुलांनी ठोठावलं होतं. सगळं श्रेय एका पराभवाला दिलं की त्यांची नावं पुसली जातात, म्हणून मी या मुद्द्यावर हट्टी आहे.

या काळाचा सांधा ब्रायंटच्या स्वतःच्या कारकिर्दीच्या आत आहे. १९६९ला ६-५ आणि १९७०ला ६-५-१ झाल्यावर लोक म्हणू लागले की म्हातारा संपला. १९७१च्या उन्हाळ्यात त्याने टेक्ससचा प्रशिक्षक डॅरल रॉयल याच्याकडून विशबोन नावाची धावण्यावर आधारलेली रचना समजावून घेतली, गुपचूप बसवली आणि १० सप्टेंबरला लॉस एंजेलिसला जाऊन त्याच यूएससीला १७-१० हरवलं. जॉन मिचेल त्या दिवशी अलाबामाच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. १९७०च्या दशकाचा एकूण हिशोब १०३-१६-१. सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या वयात, तीन विजेतेपदं गाठीशी असताना, आपली पद्धत मोडून दुसऱ्याकडून शिकायला बसणं मला त्याच्या २३२ विजयांपेक्षा मोठं वाटतं.

२९ डिसेंबर १९८२ला इलिनॉयला २१-१५ हरवून त्याने निरोप घेतला आणि २६ जानेवारी १९८३ला, महिन्याच्या आत, तो गेला. मागे २४ वर्षांचा एक लांब काळ राहिला, ज्यात प्रत्येक नवा माणूस त्याच्याशी तोलला गेला. रे पर्किन्स त्याचाच खेळाडू. सराव बघायचा ब्रायंटचा उंच मनोरा त्याने काढला, तर लोक दुखावले. १९८४ला ५-६ झालं, १९५७नंतरचा पहिला हरलेला हंगाम. बिल करी बाहेरचा, जॉर्जिया टेकचा. १९८९ला त्याने १०-२ केलं, पण ऑबर्नकडून तिन्ही वर्षं हरला. १९८८च्या एका पराभवानंतर त्याच्या कार्यालयाच्या खिडकीतून वीट आली होती. २६-१० अशी नोंद असलेला माणूस केंटकीला निघून गेला. तक्त्यातल्या ७२ टक्क्यांत ती वीट दिसत नाही. स्टॉलिंग्जला मात्र जमलं. टेक्सस ए अँड एमला तो ब्रायंटच्या हाताखाली खेळलेला होता, नंतर अलाबामात त्याचा साहाय्यक होता, त्यामुळे लोकांनी त्याला घरचा मानलं. १९९२चा संघ १३-० गेला आणि शुगर बोलमध्ये मायामीला ३४-१३ हरवून विजेता ठरला.

पुढची दहा वर्षं थोडक्यात सांगा. माइक डुबोसने १९९९ला विभागातल्या विद्यापीठांच्या परिषदेचं विजेतेपद मिळवलं आणि पुढच्याच वर्षी संघ ३-८ वर आला. २००२मध्ये भरतीतल्या गैरप्रकारांमुळे दोन वर्षं बोल सामन्यांवर बंदी आली आणि शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या. डुबोसनंतरचा प्रशिक्षक फ्रँशोनी टेक्सस ए अँड एमला गेला. माइक प्राइसला एकही सामना न खेळवता २००३मध्ये काढलं. मग शूला मे महिन्यात आला आणि कापलेल्या शिष्यवृत्त्यांवर चार वर्षं रेटत राहिला. त्याच्या २६-२३कडे बघताना हे लक्षात असू द्या.

सेबन जानेवारी २००७मध्ये आला. पहिल्या वर्षी घरच्या मैदानावर लुइझियाना-मन्रोकडून २१-१४ हरला, एकूण ७-६. दुसऱ्या वर्षी हुलिओ जोन्स आणि मार्क इंग्रम यांच्या तुकडीसह नेहमीचा हंगाम १२-०. तिसऱ्या वर्षी विजेतेपद. पुढे २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२०. त्याच्या कामातलं मला सगळ्यात भावतं ते साहाय्यकांचं. दर एक-दोन वर्षांनी चांगला साहाय्यक दुसऱ्या विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक होऊन जायचा आणि सेबन पुन्हा नवा बसवायचा, बऱ्याचदा दुसरीकडे पद गमावलेला अनुभवी माणूस घेऊन. म्हणजे सांधे त्याच्या संघात दरवर्षीच पडत होते आणि तो ते दरवर्षी बुजवत होता. १ जानेवारी २०२४ला रोझ बोलमध्येच मिशिगनकडून ओव्हरटाइममध्ये २७-२० हरून त्याचा शेवटचा सामना झाला, आणि १० जानेवारीला त्याने निवृत्ती जाहीर केली.

तर ब्रायंट की सेबन? दर शनिवारी संघ तयार करण्यात सेबन सरस, असं माझं स्पष्ट मत आहे. शिष्यवृत्त्यांची मर्यादा, वाढलेले सामने आणि अंतिम सामना खेळून मिळवलेली विजेतेपदं यांमुळे त्याचे आकडे जास्त कठीण आहेत. पण संघाला राज्याच्या मनात जी जागा आहे ती डेनी, वेड आणि थॉमस यांनी मिळवून दिली आणि ब्रायंटने पक्की केली. सेबनला आठ वर्षांचा ३ कोटी २० लाख डॉलरचा करार देणारं विद्यापीठ त्या जागेमुळेच तयार झालं.

सेबनच्या जागी आलेल्या कॅलन डीबोरची ओळ तुम्ही पहिल्या हंगामाच्या ९-४वर बंद केली आहे आणि पुढे ‘अपयशी’ लिहिलं आहे. तो शेरा काढा. त्या हंगामात जॉर्जियाला ४१-३४ हरवून पुढच्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावरचा अलाबामा व्हँडरबिल्टकडून ४०-३५ हरला, हे खरं. पण सेबन गेल्यावर नियमाप्रमाणे खेळाडूंना महिनाभर दुसरीकडे जाण्याची मुभा होती आणि काही गेलेही. त्याच्या हाती नेमकं काय आलं हे आधी मोजा.

मोजण्यासाठी तक्त्यात तीन रकाने वाढवा: येण्याआधीच्या वर्षी संघाची स्थिती काय होती, साहाय्यक निवडायची किती मोकळीक होती, आणि गेल्यानंतरच्या दोन वर्षांत त्याने आणलेल्या मुलांनी काय केलं. तिसरा रकाना भरायला सगळ्यात वेळ लागतो, कारण त्यासाठी वर्षवार खेळाडूंच्या याद्या जुळवाव्या लागतात.

मुलगी तिथे आहेच, तर तिला विद्यापीठाच्या आवारातल्या ब्रायंट संग्रहालयात एक दुपार घालवायला सांगा. स्टेडियमबाहेर विजेतेपद मिळवणाऱ्या पाच प्रशिक्षकांचे पुतळे आहेत: वेड, थॉमस, ब्रायंट, स्टॉलिंग्ज आणि सेबन. त्यांचे फोटो सगळे काढतात. तिला १९५५ ते १९५८ या चार हंगामांच्या सामन्यांच्या पत्रिका कुठे बघायला मिळतात का ते विचारायला सांगा. त्यात मुलांची नावं, गाव आणि वर्ष छापलेलं असतं. व्हिटवर्थच्या शेवटच्या यादीतली किती नावं ब्रायंटच्या पहिल्या यादीत आहेत, हे मोजून तुमचा पहिला लेख तिथून सुरू करा. याद्या मिळाल्या की पाठवा, जुळवायला मी बसतो.